मोकळा हात

घटाची पाचवी माळ होती आणि आप्पासाहेबाच्या रानात सोयाबीन काढणीचा दुसरा दिवस. बारा माणसं ओळीनं वाकली होती. एकेकानं चार-चार तासांची, म्हणजे चार-चार ओळींची पात धरलेली. शेंगा वाळून अशा कडक झाल्या होत्या की विळा जरा जोरात ओढला तरी तडकत आणि दाणे मातीत जात. देगलूरच्या अंगाला सकाळपासून काळं भरून येत होतं.

ऋतुजाची पात सगळ्यात डावीकडची, बांधाला लागून. तिथं तासात बोराटी होती, हरळी होती, पण तिला दरसाल तीच पात मिळायची. ती डाव्या हातानं कापायची. मध्ये घेतलं की तिचा विळा आणि डावीकडच्या माणसाचा विळा एकमेकांवर यायचे.

"ये डावरे, बांधाकडं सरक," आप्पासाहेबाची सून म्हणाली. "मागल्या साली माझ्या बांगड्या फोडल्यास."

"बांगड्यांवर भागलं म्हण," तिच्या पलीकडची बाई म्हणाली. "आता तर तलवार हाय म्हणं तिच्याकडं."

ओळीतून हसू फिरून आलं. ऋतुजानं बोराटीचं खोड पायानं दाबलं आणि त्याच्या मागची चार झाडं एका हिसक्यात घेतली. ती दहावीला होती. हातावर कुसांचे ओरखडे, बोटांच्या पेरांत सोयाबीनचा काळा चीक.

आप्पासाहेब लिंबाखाली पोत्यावर बसला होता. ऋतुजाच्या बापाचा, शेषेरावाचा थोरला भाऊ. त्याला बारा एकर, शेषेरावाला दोन. शाळा समितीचा अध्यक्ष तोच. त्याच्या रानात शेषेरावाच्या घरची तीन माणसं तीन दिवस राबायची आणि त्या बदल्यात त्याच्या घरची नऊ माणसं एक दिवस शेषेरावाच्या रानात यायची, अशी सावड ठरली होती. शेषेरावाचं दोन एकर त्या एका दिवसात निघालं तर निघालं.

ऋतुजाच्या आईनं, उज्वलानं, नवऱ्याला कोपरानं ढोसलं. आठ दिवसांपासून ढोसत होती. शेषेराव वाकल्या वाकल्याच म्हणाला, "आप्पा, उद्या ऋतुजाला नांदेडला जायचं हाय."

"काहून? सोयरीक जमवून राहिलास का?"

"न्हाई. तलवारीची स्पर्धा हाय. जिल्ह्याची."

"आरं, तुझ्या घरात विळ्याला धार न्हाई, आन पोरगी तलवार घेऊन चालली!" आप्पासाहेबानं पोत्यावरून उठायचेही कष्ट घेतले नाहीत. "सावड म्हंजे माणसास माणूस. एक जरी कमी पडलं, तर माझी नऊ बी न्हाईत. मग बस आभाळाकडं बघत."

"मी तिची पात धरते," उज्वला म्हणाली. पदर पुढं ओढून, समोरच्या झाडाकडं बघून म्हणाली. भासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं, ती सतरा वर्षांत बोलली नव्हती.

आप्पासाहेबानं कानामागं हात धरला. "शेषेराव, तुझी बायको बोलली का रे? मला वाटलं वारा सुटला."

या खेपेला हसू जास्त वेळ चाललं. उज्वला विळा चालवत राहिली. तिच्या अंगठ्यातून रक्त आलं होतं, ते तिनं मातीनं दाबलं.

*

ऋतुजा पाच वर्षांची असताना आजीनं, गुणाबाईनं, तिचा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधला होता. जेवताना बांधायची, हात धुतले की सोडायची. कुणाला काही देताना डावा हात पुढं आला तर मनगटावर चिंचेची शिमटी बसायची. "डावा हात कुणाला देऊ न्हाई. डावा दिला म्हंजे माणसाला दारातून हाकललं," असं प्रत्येक फटक्याबरोबर सांगायची. ऋतुजा उजव्या हातानं जेवायला शिकली, लिहायला शिकली, घटाला माळ घालायला शिकली. विळा तेवढा डाव्यात राहिला. उजव्यात दिला तेव्हा तिनं स्वतःची नडगी कापून घेतली होती.

दोन वर्षांमागं शाळेत तलवारबाजीची पेटी आली. चार मास्क, चार जाकिटं, सहा तलवारी. खेळाचे आनंदराज सर मुखेडहून मोटारसायकलीवर यायचे. त्यांनी पोरांच्या हातात आधी कळकाच्या काठ्या दिल्या. ऋतुजानं काठी उजव्यात धरली आणि प्रत्येकाकडून मार खाल्ला. चौथ्या दिवशी सरांनी तिच्या तोंडावर अचानक खडू फेकला. तो तिनं डाव्या हातात झेलला.

"काठी त्या हातात घे," सर म्हणाले.

"हा हात वाईट हाय सर."

"कुणासाठी?"

तिनं काठी बदलली. त्या दिवशी तिला कुणी शिवू शकलं नाही. समोरच्याची काठी यायची तिथं तिचं अंग नसायचंच, आणि तिचं टोक भलत्याच अंगानं येऊन मनगटावर टेकायचं. सरांनी पदरच्या पैशानं संभाजीनगरहून डाव्या हाताचा मोजा मागवला.

पहिला महिनाभर लढत संपली की सर पोरांना हात मिळवायला लावायचे. मग पालकांचा अर्ज आला. बावीस सह्या, पहिली आप्पासाहेबाची. मुलामुलींना हातात हात द्यायला लावतात, हे आपल्या रीतीत बसत नाही, असं त्यात लिहिलं होतं. तेवढंच लिहिलं होतं. मैदानावरची निम्मी पोरं बुद्धवाड्यातली होती, आणि सरही बौद्ध होते, हे काही अर्जात लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून लढत झाली की पोरं चार हातांवरून एकमेकांना नमस्कार करू लागली. सरांच्या हातात एक बारीक काठी आली. कुणाचं कोपर पडलं, गुडघा वळला, की ते काठीच्या टोकानं उचलून नीट करायचे. ऋतुजाला वाटायचं, हा खेळ असाच शिकवतात.

*

संध्याकाळी गुणाबाई घटापुढं वात सारून बाहेर आली. तिचे नऊ दिवस अनवाणी असायचे, आणि दिवसाकाठी एक केळं नि दोन घोट दूध. शेषेरावानं रानातलं सगळं सांगितलं.

"लोकाला हसायला जागा केली," ती म्हणाली. "बोलायला भासराच सापडला हिला?"

"तुमचा लेक बोलना म्हणून बोलले, आत्याबाई," उज्वला म्हणाली.

"आन तू गं? काय मिळतं तिथं जाऊन?"

"पहिली आले तर विभागाला जाते. लातूरला," ऋतुजा म्हणाली. "तिथून राज्याला."

"आन मग?"

"मग नोकरीत जागा असतात खेळाडूला. सर म्हणले."

"सर म्हणले!" गुणाबाईनं तोंड फिरवलं. "त्या सराला सांग, आमच्या पोरीच्या हातात वाईट हात तूच दिलास. मी आठ वर्षं बांधून ठेवला, त्यानं एका दिसात सोडला."

शेषेराव उंबऱ्यावर बसून पायातला काटा काढत होता. "माय, माणूस कमी पडलं तर आप्पा येणार न्हाई. एवढंच बोल."

गुणाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "मी येते उद्या. मी माणूस न्हाई का?"

"तुमचा उपास हाय. पायात वहाण न्हाई. खुंटं कशी असतात सोयाबीनची..." उज्वला म्हणाली.

"मला शिकवू नको. तुझ्या पोरीसाठी येत न्हाई मी. माझ्या लेकाचं पीक मातीत जाऊ नये म्हणून येते." आणि ऋतुजाकडं न बघता, "हरून आलीस तर तोंड दाखवू नको."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीनं सर, ऋतुजा आणि आठवीतली दोन पोरं नांदेडला निघाली. पोरं पहिल्याच फेरीत गळाली.

एवढा मोठा हॉल ऋतुजानं पाहिला नव्हता. फरशीवर लांब पट्ट्या अंथरलेल्या, त्यांच्या टोकाला वायरी, आणि टेबलावर लाल-हिरवे दिवे. शहरातल्या पोरींच्या पाठीवर स्वतःच्या लांब पिशव्या होत्या. तिच्या कॅनव्हासच्या बुटांना रानातली माती वाळून बसली होती. चालली की ढेकळं पडायची.

"सरपंच आले, रस्ता द्या," एक पोरगी म्हणाली.

"हात बघ हिचे. डांबर लावलंय का?"

"धुऊन आले," ऋतुजा म्हणाली. "निघत न्हाई हे."

नळाला पाणी नव्हतं. ती परत फिरली तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या एका उंच पोरीनं बाटली पुढं केली. "घे. तोंड लावलं तरी चालतं, मी काही देवी नाही." तिनं सांगितलं, वडील रेल्वेच्या ऑफिसात आहेत, तीन वर्षं झाली खेळते. ऋतुजानं तोंड लावून अर्धी बाटली रिकामी केली. नाव विचारायचं राहून गेलं.

गटातल्या लढती घाईत उरकल्या. तरणे पंच तलवारीची सलामी झाली की पुढचं नाव पुकारायचे. ऋतुजा सवयीनं नमस्कार करायची, समोरची हसून निघून जायची. डाव्या हाताशी कसं खेळायचं ते कुणाला कळत नव्हतं. एका पोरीनं मास्क आपटला. "सर, ही उलटी खेळते! हिला उजव्या हातानं खेळायला सांगा." तिच्या आईनं गॅलरीतून, "खेड्यातल्यांना काही नियम असतात का नाही?" असं ओरडून विचारलं.

तीन वाजता अंतिम लढतीचं नाव पुकारलं. बुद्धप्रिया, नांदेड. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला ती बाटलीवाली पोरगी उभी राहिली.

या लढतीला वयस्कर पंच होते. पंधरा टचची लढत. बुद्धप्रिया घाई करत नव्हती. तिनं सकाळपासून ऋतुजाच्या सगळ्या लढती बघितल्या होत्या. पाच-एक झालं, मग नऊ-पाच. ऋतुजाच्या डाव्या मांडीवर टोक बसलं ते कळवळण्यासारखं होतं.

"कोपर!" सर बाहेरून ओरडले.

तिनं कोपर उचललं. मग पुढं जाणं सोडलं. एक पाऊल मागं, अर्धं पाऊल मागं, समोरचीचा हात लांबेपर्यंत थांबायचं आणि लांबला की मनगटावर टेकायचं. दिवा तिचा लागला. परत लागला. मास्कच्या आत घाम डोळ्यांत उतरत होता, पुसता येत नव्हता. चौदा-चौदा झाल्यावर हॉल शांत झाला. बुद्धप्रिया झेपावली. ऋतुजा गुडघ्यात बसली आणि हात वर केला. टोक मनगटाच्या आतल्या बाजूला टेकलं.

एकच दिवा लागला, तिचा.

तिनं मास्क काढला. सलामी दिली. बुद्धप्रियाचे डोळे भरले होते, तरी ती पट्टीवरून चालत आली, तलवार उजव्या हातातच ठेवून मोकळा हात पुढं केला.

डावा हात.

ऋतुजाच्या मनगटावर जुनी शिमटी बसली. डावा दिला म्हंजे दारातून हाकललं. सकाळी पाणी पाजून आता ही हाकलते, एवढंच तिला समजलं. तिचा उजवा हात आपोआप मागं गेला, जाकिटाच्या पाठीशी, जिथं कधीकाळी दुसरा हात बांधलेला असायचा.

बुद्धप्रियाचा हात तसाच राहिला. तिनं ऋतुजाच्या पाठीवर टाचलेलं गाव आणि आडनाव सकाळी वाचलेलं होतं. तिनं एकदा त्या मागं गेलेल्या हाताकडं पाहिलं.

"कळलं," ती म्हणाली. हात खाली घेतला. "कळलं मला."

गॅलरीत तिचे वडील उठून उभे राहिले. कुणीतरी मोबाईल वर धरला. पंचांनी दोघींकडं पाहिलं. "हात मिळव," ते ऋतुजाला म्हणाले.

तिनं हात जोडले.

"नमस्कार नाही. हात मिळव. नियम आहे."

"तिनं डावा..." ऋतुजा म्हणू लागली. बुद्धप्रिया तोवर पट्टीवरून उतरली होती. पंचांनी खिशातून बादचं काळं कार्ड काढून वर धरलं.

*

टेबलामागं चार माणसं बसली होती. सर उभे होते. ऋतुजा त्यांच्या मागं, जाकीट अजून अंगात.

"तुमच्याकडं शिकवत नाहीत का हात मिळवायला?" मुख्य पंचांनी विचारलं.

"नाही सर. ती चूक माझी. आमच्या शाळेत मीच बंद केलंय."

"तुम्ही बंद केलं? का?"

"पालकांचा अर्ज होता."

"कशाबद्दल?"

सरांनी रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा केली. "मुलामुलींबद्दल लिहिलंय त्यात."

"आणि खरं कशाबद्दल?"

"माझ्या हाताबद्दल, म्हणा."

ऋतुजाला ती बारीक काठी आठवली आणि तिची मान खाली गेली.

निकाल झाला. पहिला क्रमांक बुद्धप्रियाचा, लातूरला तीच जाणार. ऋतुजावर वर्षाची बंदी, पण शाळेचा खुलासा तीन दिवसांत आला, मुलीला तलवार नसलेला, मोकळा हात द्यायचा असतो हे शिकवलंच नव्हतं असं त्यात पालकाच्या सहीनिशी लिहून आलं, तर बंदी उठेल. सतरा वर्षांखालच्या गटात तिला पुढचं एकच वर्ष उरलं होतं. ते गेलं तर खेळ तिथंच संपत होता.

ती पळत बाहेर गेली. बुद्धप्रिया वडिलांच्या स्कूटरजवळ पिशवी बांधत होती. ऋतुजानं मोजा काढून डावा हात पुढं केला. सोयाबीनच्या चिकाचा काळा हात.

"मला म्हाईत नव्हतं. आमच्यात डावा हात..."

"पाणी पिलीस तेव्हा आडनाव माहीत नव्हतं ना माझं," बुद्धप्रिया म्हणाली. "बोर्डावर नाव वाचलंस आणि हात मागं गेला. मी काय आज पहिल्यांदा बघतेय का?"

"तसं न्हाई गं. देवाशपथ."

"देवाला कशाला आणतेस मध्ये? ठेव तो हात. आता मला नको."

स्कूटर गेली.

एसटीत सर पुढच्या बाकावर एकटे बसले. नायगाव गेलं, नरसी गेलं. ऋतुजा उठून त्यांच्यामागं जाऊन बसली. "सर, ती काठी... त्याच्यासाठी व्हती का?"

सर खिडकीतून बाहेरच बघत राहिले. "कोपर पडत होतं तुझं," ते म्हणाले. "काठीनं बी उचललं गेलंच की."

*

गावात मोबाईल तिच्याआधी पोचला होता. सकाळी ती अंगण झाडत होती तेव्हा आप्पासाहेब स्वतः चालत आला. आजवर तो बोलावणं पाठवायचा.

"शाब्बास! वाघीण हाय वाघीण. भर नांदेडात, सगळ्यांसमोर! हात मागं घेतला बघा कसा." त्यानं मोबाईल शेषेरावाच्या तोंडासमोर धरला. "बघ, बघ. हे घराणं."

"मला कळलं न्हाई, काका," ऋतुजा म्हणाली. "तिनं डावा दिला म्हणून..."

"तेच की. डावा देती म्हंजे काय! बरं केलंस. पहिला नंबर गेला तर जाऊ दे. दसऱ्याला पारावर नारळ देतो तुला, सगळ्या गावासमोर."

"मी हरले, काका."

"ह्याला हरणं म्हणत न्हाईत."

गुणाबाई भिंतीला पाठ लावून बसली होती. काल तिच्या टाचेत खुंट घुसला होता, हळद भरून चिंधी बांधली होती. उपासाच्या पोटी तिनं चार तासांची पात दिवेलागणीपर्यंत ओढली होती. "माझा पाय कारणी लागला," ती म्हणाली. "शिकवलेलं वाया गेलं न्हाई." आणि तिनं ऋतुजाला हाक मारून तिच्या हातानं पाणी मागितलं.

ऋतुजानं तांब्या भरून आजीपुढं जमिनीवर ठेवला आणि आत निघून गेली. चुलीजवळ उज्वला भाकरी थापत होती. तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं.

"तुला मारलं का कुणी तिथं?"

"न्हाई, माय. मीच मारून आले."

तिनं सगळं सांगितलं. बाटली, हात, टेबल, सर काय म्हणाले ते. उज्वलाच्या हातातली भाकर तव्यावर करपली.

*

नांदेडहून आल्यावर तिसऱ्या दिवशी शेषेरावाच्या रानातली सावड होती. खुलाशाचीही मुदत त्याच दिवशी, नांदेडचं ऑफिस पाचाला बंद होणार. आभाळ खाली आलं होतं, वारा पडला होता. आप्पासाहेबाची नऊ माणसं उजाडतानाच शेषेरावाच्या रानात उतरली आणि दुपारपर्यंत अर्धं रान निघालं. कापलेल्या सोयाबीनचे ढीग ताडपत्रीखाली ओढून झाले होते. उरलेलं दिवस मावळेपर्यंत निघालं असतं.

एकच्या सुमारास रस्त्यावर मोटारसायकल थांबली. सर गाडीवरून उतरले नाहीत. ऋतुजा बांध ओलांडून गेली आणि एक कागद नि पेन घेऊन परत आली. हेडमास्तरांनी शिक्का मारला होता. पालकाची सही तेवढी राहिली होती.

"काय हाय ते? आण इकडं," आप्पासाहेब म्हणाला. तो बांधावर गुणाबाईशेजारी बसला होता. त्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागला, हसवायला म्हणून. "'गावातील पालकांनी दिलेल्या अर्जावरून शाळेत हस्तांदोलन बंद करण्यात आले. अर्जाचे खरे कारण काही मुलांचा व शिक्षकाचा समाज हे होते. त्यामुळे सदर विद्यार्थिनीस...'" त्याचा आवाज उतरत गेला. "'अर्ज सोबत जोडला आहे.'"

ओळ थांबली.

"पहिली सही माझी हाय त्यावर," आप्पासाहेब म्हणाला. "आन तिसरी कुणाची, शेषेराव?"

शेषेराव वाकलेलाच होता. "माझी."

"मग आता स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोस? आन माझ्या?"

"बा, वर्ष जाईल माझं," ऋतुजा म्हणाली. "त्याच्या पुढल्या साली वय बसत न्हाई. बा, सही कर."

"कर की!" आप्पासाहेब उठला. कागद त्यानं तिच्या अंगावर टाकला. "कर सही. माझी नऊ माणसं आत्ता घरी. सावड मोडली. पुन्हा माझ्या रानात पाय ठेवायचा न्हाई, न् मी तुझ्या. अर्धं रान उभं हाय, बघ, आन वर बघ."

शेषेरावानं वर पाहिलं नाही. "ऋते," तो मातीकडं बघून म्हणाला, "पाऊस आला तर शेंगा कुजतात गं." आणि त्यानं पुढच्या झाडाला विळा घातला.

ऋतुजा कागद उचलून तशीच उभी राहिली. मातीचा एक डाग पडला होता, तो तिनं बाहीनं पुसला तर आणखी पसरला. रस्त्यावर सरांनी गाडीला किक मारली. पोहोचायला तीन तास लागत होते.

उज्वला आपल्या पातीतून निघाली. हात लुगड्याला पुसले. बोटं फुटलेली होती, तिनं ती तोंडात घालून ओली केली आणि पुन्हा पुसली. मग रस्त्याकडं तोंड करून ओरडली, "सर! आई पालक असती का?"

सर्व रानानं तो आवाज ऐकला. सरांनी गाडी बंद केली. "असती, ताई."

"उज्वले!" गुणाबाई बांधावरून म्हणाली. "नवरा जित्ता असताना?"

"जित्ता हाय म्हणूनच, आत्याबाई. त्यांना त्रास नको."

तिनं लेकीच्या हातातून पेन घेतलं. टेकायला काही नव्हतं. खाली ढेकळं, खुंटं. ती दोन पावलं चालत शेषेरावाजवळ आली, त्याच्या घामानं चिंब सदऱ्यावर आपल्या पदराची घडी टाकली आणि तिच्यावर कागद ठेवला.

त्याला उभं राहता आलं असतं. नुसतं अंग झटकलं असतं तरी पुरे होतं.

"बघा! बघून घ्या सगळ्यांनी," आप्पासाहेब म्हणाला. "बायकोचं टेबल झालाय माझा भाऊ. चला रे. विळे घ्या, चला."

नऊ माणसं ताठ झाली. कुणी अर्ध्या झाडाला घातलेला विळा तसाच काढून घेतला. आप्पासाहेबाची सून जाताना पाण्याची कळशी उचलून घेऊन गेली. बांधावरून एकामागं एक ती उतरली. देगलूरच्या अंगाला गडगडलं, आणि उभ्या राहिलेल्या सोयाबीनमधून गार वारा पहिल्यांदा आत आला.

शेषेरावानं दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले होते. पाठ हलू नये म्हणून तो श्वास धरत होता. उज्वला सातवी शिकलेली. बचत गटाच्या वहीशिवाय तिनं कुठं नाव लिहिलं नव्हतं. ती एकेक अक्षर दाबून काढत होती, आणि प्रत्येक अक्षर त्याच्या पाठीला कळत होतं.

"झालं का?" त्यानं खालूनच विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. "आडनाव राहिलंय."